केळीच्या बागेत रात्री पाणी कोण भरतं?

ज्यांना अर्धा तास हेडफोन लावून बसायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना चाळीस वेळा 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युली' आलं होतं, तेवढं कापलंय. बाकी जसंच्या तसं.

आज कोडिंगबद्दल बोलणार नाही. म्हणजे थोडं बोलणार आहे, पण त्यातली माझी चूक सांगण्यासाठी. आजचा विषय आहे आमची केळीची बाग, पौषातली थंडी आणि एक बिबट्या.

आमचं गाव रावेर तालुक्यात, पालच्या रस्त्याला. घराच्या गच्चीवर उभं राहिलं की उत्तरेला सातपुडा दिसतो आणि खाली नजर जाईल तिथपर्यंत केळी. पुण्यातले मित्र पहिल्यांदा आले की म्हणतात, "अरे, हे तर कोकणासारखं आहे!" तसं काही नाही. मेमध्ये या, मग कळेल. आमच्याकडे ४५ अंशांपर्यंत तापतं. हा सगळा हिरवेपणा बोअरच्या पाण्यावर आणि माणसाच्या कष्टावर उभा आहे.

माणसाच्या म्हणजे कोणाच्या? आमच्या घरी आप्पा शेती बघतात, पण बाग खरी सांभाळतात ते आमचे सालदार. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. खानदेशात वर्षभराच्या बोलीवर शेतात काम करणाऱ्या माणसाला सालदार म्हणतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हिशोब होतो. पटलं तर पुढचं साल धरायचं, नाही तर राम राम. आमचे सालदार डोंगराकडचे, पावरा समाजाचे. मी सहावीत असल्यापासून आमच्याकडे आहेत. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला भाऊ म्हणतात.

गेल्या वर्षी जानेवारीत मी तीन आठवडे घरून काम करायला गावी गेलो होतो. मामांचा दिवस पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितला. खरं सांगतो, मी जिला 'हेक्टिक' म्हणतो ती नोकरी त्यापुढे काहीच नाही.

पहाटे साडेपाचला गोठा. मग शेकोटीवर हात शेकून चहा. ऊन वर आलं की बागेत शिरायचं. केळीच्या बुडाशी जी नवी पिल्लं फुटतात त्यांना आम्ही पील म्हणतो. ते वेळच्या वेळी कापावे लागतात, नाही तर आईचं खाणं तेच खातात. करप्यानं डागाळलेली पानं काढायची. जी केळी निसवली, म्हणजे जिचा घड बाहेर पडला, तिला आधार द्यायचा. फण्या पूर्ण सुटल्या की खालचं केळफूल तोडायचं. ठिबकमधून खत सोडायचं. आणि हे सगळं पायात गमबूट घालून, कारण वाळलेल्या पानांच्या ढिगात घोणस असू शकते. हिवाळ्यात घोणशींचा मिलनाचा काळ असतो आणि त्या उन्हाला बाहेर येतात. मामा ढिगात हात घालण्याआधी काठी आपटतात आणि थांबतात. घोणस डिवचली की कुकरसारखा आवाज काढते. तो ऐकू आला की दोन पावलं मागं. "ती सांगते भाऊ, आपण ऐकलं पाहिजे," असं मामा म्हणतात.

सगळेच पाहुणे असे नसतात. ठिबकखालच्या ओल्या मातीत शेपटी वरखाली करत धोबी पक्षी फिरतात. ते थंडीत येतात आणि उन्हाळ्याआधी जातात. केळफुलावर सकाळी शिंजीर असतो, रात्री वटवाघळं असतात. संध्याकाळी बांधावरून रोही जातात. रोही म्हणजे नीलगाय. मामांना प्रत्येकाची वेळ पाठ आहे. मला आमच्या ऑफिसच्या मीटिंगांची नसेल.

आता थंडीचं गणित समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. केळी हे उष्ण हवेचं झाड. पारा दहा-बाराच्या खाली आला की तिची वाढ जवळपास थांबते. नवीन पान येत नाही, पानं पिवळी पडतात आणि निसवायला आलेला घड कधी कधी पोग्यातच अडकतो. आमच्याकडे जूनमध्ये लावलेली मृगबाग नेमकी जानेवारीत निसवायला येते. म्हणजे वर्षभराची कमाई पोटात आणि बाहेर कडाका! मग शेतकरी काय करतो? बागेच्या कडेनं काडीकचरा पेटवून धूर करतो आणि रात्री पाणी देतो. बोअरचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. ओल्या जमिनीत दिवसाची ऊब जास्त टिकते.

त्यात विजेचं वेळापत्रक आहे. शेतीची थ्री फेज लाइट चोवीस तास नसते. एक आठवडा दिवसा आली, तर पुढच्या आठवड्यात रात्री. तुमच्या ऑफिसमध्ये नाइट शिफ्टला कॅब मिळते. इथे अंधार मिळतो.

आता माझी एन्ट्री. मी इंजिनीअर. मी म्हटलं, हा प्रॉब्लेम आपण सोडवू. मोबाइलवरून मोटर चालू-बंद करणारे स्टार्टर आमच्याकडे बऱ्याच जणांकडे आहेत. मी त्याच्या पुढं गेलो. ठिबकच्या मेन लाइनवर प्रेशर सेन्सर बसवला, एक छोटं ॲप लिहिलं. मोटर सुरू झाली की हिरवा ठिपका. प्रेशर एक किलोच्या खाली आलं की लाल ठिपका आणि मेसेज : 'प्रेशर कमी. तपासा.' आप्पांना दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पारावर चार जणांना त्यांनी तो फोन दाखवला, हे मला नंतर कळलं. मी एकदम खुश.

मग ती रात्र आली. संक्रांतीनंतरचा आठवडा, रात्रीची लाइट. साडेबाराला हिरवा ठिपका आला, मी गोधडीत पडून बघितला. पावणेदोनला फोन थरथरला. लाल ठिपका. तीन नंबरच्या वॉलवर प्रेशर पडलं होतं.

मी काय केलं असेल? मामांना फोन लावला. "मामा, तीन नंबरला कुठंतरी नळी फुटली वाटतं. बघता का?" ते म्हणाले, "बघतो भाऊ." मी वाट बघू लागलो, ठिपका हिरवा व्हायची.

पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. ठिपका लालच. मी पुन्हा फोन लावला. पूर्ण रिंग वाजली, उचलला नाही. परत लावला, परत तेच. तेव्हा पहिल्यांदा उठून बसलो. आप्पांना उठवलं. आम्ही दोघं काठी आणि मोठी बॅटरी घेऊन मोटारसायकलवर निघालो. बांधावर पोचतो तर मामा समोरून चालत येत होते. धावत नव्हते. एकसारखी पावलं टाकत, मोठ्या आवाजात स्वतःशीच बोलत येत होते. जवळ आल्यावर पाहिलं तर हात थरथरत होते आणि तोंडात अजून ते बोलणं चालूच होतं.

झालं असं होतं. मामांना फुटलेली जागा सापडली. डुकरानं की कोल्ह्यानं नळी चावली होती, पाण्याचा फवारा उडत होता. मामा खाली बसून नळी जोडत होते. मान वर केली तर दोन ओळी पलीकडे, साचलेल्या पाण्याशी, डोक्यावरच्या बॅटरीत दोन डोळे चमकले.

"मला वाटलं कुत्रं असंल," मामा म्हणाले. "मग ते उभं राहिलं तं शेपूट दिसलं."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. तो माझा फोन. "तुमचा फोन वाजू राहिला होता भाऊ, पण हात खिशात घालायची हिंमत नव्हती." मामा हळूहळू उभे राहिले. पाठ फिरवली नाही. नजर तिकडे ठेवून बोलत बोलत एकेक पाऊल मागं आले. बिबट्या थोडा वेळ बघत राहिला आणि पानांमध्ये शिरला. आवाजसुद्धा झाला नाही म्हणे.

माझ्या फोननं गेला, मामांच्या धीरानं गेला की त्याची तहान भागली म्हणून गेला, मला सांगता येणार नाही. मला एवढंच कळलं की मामांना तिथं मी पाठवलं होतं, गोधडीतून. माझ्या ॲपमध्ये जो ठिपका लालचा हिरवा होत होता, तो सेन्सर हिरवा करत नव्हता. एक माणूस काळोखात दीड किलोमीटर चालत जाऊन तो हिरवा करत होता. सिस्टिमच्या आकृतीत मी मोटर काढली, वॉल काढला, सर्व्हर काढला. मामा कुठंच काढले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता गावाच्या ग्रुपवर बिबट्याचे सात फोटो. त्यातला एकही आमच्या बागेतला नव्हता. कुणी म्हणालं दोन आहेत, कुणी म्हणालं वाघ आहे. वनरक्षक आले. ओल्या मातीतले पंजे बघितले, माप घेतलं आणि बिबट्याच असल्याचं सांगितलं. लोक म्हणाले, पिंजरा लावा, पकडा आणि लांब सोडून द्या.

वनरक्षक तरुण होते, माझ्याच वयाचे. त्यांनी शांतपणे समजावलं. नंतर मी स्वतः वाचलं, तेव्हा त्यांचं बोलणं पटलं. जुन्नरला २००१ ते २००३ मध्ये असे बरेच बिबटे पकडून दुसरीकडच्या जंगलात सोडले होते. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले होते. अनोळखी जागी टाकलेला, बिथरलेला प्राणी जास्त धोक्याचा असतो. त्यांचाच दुसरा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, अकोले तालुक्यातला. अकोला नाही, अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले. तिथे शेतात कॅमेरे लावले होते. जंगल नाही, ऊस आणि वस्ती, तरी १०० चौरस किलोमीटरला साधारण पाच मोठे बिबटे निघाले. त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा होता. म्हणजे बिबट्या 'गावात घुसत' नाही. तो तिथेच राहत असतो, आपल्याला एखाद्या रात्री दिसतो इतकंच.

याचा अर्थ भीती खोटी, असं मी म्हणणार नाही. २०१७ च्या शेवटी आमच्याच जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यात, बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली. शेवटी डिसेंबरमध्ये त्या बिबट्याला गोळी घालावी लागली. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना अभ्यास वाचून दाखवणारा मी कोण?

मी वनरक्षकांना विचारलं, "पण केळीत का येतो हा? यावल अभयारण्य एवढं जवळ आहे." हे अभयारण्य १९६९ चं, पाल त्याच्या अगदी लगत. ते हसले. म्हणाले, "तापीपलीकडे मुक्ताईनगर तालुक्यात जाऊन बघा. तिथं केळीत वाघ राहतात."

हे खरं आहे, मंडळी. वढोदा वनक्षेत्रातल्या डोलारखेडा परिसरात, पूर्णा नदीच्या काठी, वाघ केळीच्या बागांचा आसरा घेतात. पिल्लांसह वाघीण दिसल्याच्या बातम्या तिथून आल्या आहेत. त्या पट्ट्याला आता मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा आहे.

कारण समजायला अवघड नाही. पौष-माघात डोंगरातले नाले आटायला लागतात, गवत वाळतं. खाली बाग मात्र बाराही महिने ओली, थंड आणि दाट. आमच्याकडे सहा बाय पाच फुटांवर लागवड, म्हणजे एकरी साडेचौदाशेच्या आसपास झाडं. सात महिन्यांची बाग माणसाच्या डोक्यावर छप्पर धरते. दोन ओळींपलीकडे दिसत नाही. पाण्यासाठी डुकरं येतात, डुकरांच्या आणि कुत्र्यांच्या मागं बिबट्या येतो. आम्ही ठिबकनं केळीला पाणी देतो असं आम्हाला वाटतं. प्रत्यक्षात आम्ही अर्ध्या सातपुड्याला पाणपोई चालवतो.

वनरक्षकांनी जे सांगितलं ते तुमच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेतात रात्री जावंच लागलं तर एकट्यानं जाऊ नका. बोलत जा किंवा मोबाइलवर गाणी लावा. तो आपल्याला टाळतोच, आपण येतोय हे त्याला आधी कळू द्या. वाकून किंवा उकिडवं बसून काम करायचं असेल तर दुसऱ्यानं उभं राहून बॅटरी फिरवावी, कारण बसलेला माणूस त्याला छोट्या जनावरासारखा दिसतो. दिसला तर पळू नका, पाठ फिरवू नका, घेरू नका. पिल्लं सापडली तर हात लावू नका, सेल्फी तर अजिबात नको. पिल्लं तिथेच राहिली तर आई बहुतेक वेळा रात्री घेऊन जाते. आणि वन विभागाचा १९२६ हा हेल्पलाइन नंबर फोनमध्ये ठेवा.

त्या संध्याकाळी शेतात भरीत होतं. आधीच ठरलेलं. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, केळीच्या पानावर भरीत आणि कळण्याची भाकरी. एरवी हा आमच्या हिवाळ्याचा सगळ्यात मजेचा कार्यक्रम. त्या दिवशी कुणी फारसं बोलत नव्हतं.

जेवण झाल्यावर मामा आप्पांना म्हणाले, "आप्पा, यंदाचं साल पुरं करतो. पुढं रात्रीचं पाणी असंल तं मला जमणार नाही."

आप्पा चिडले नाहीत, पण म्हणाले, "अरे बापा, मग थंडीत बाग मरू द्यायची का?"

दोघंही बरोबर होते. बाग गेली तर आमचं वर्ष जातं, मामांचंही. आणि मामा गेले तर काय जातं ते मला आदल्या रात्री बांधावर कळलं होतं. मी म्हटलं, "आप्पा, मामांना मी पाठवलं होतं. यापुढं रात्री जायचं झालं तर मी जाईन." आप्पा म्हणाले, "तू तीन आठवड्यांनी पुण्याला जाशील." तेही बरोबरच.

मग पुढचे आठ दिवस आम्ही तिघांनी कागदावर गणित मांडलं. शेवटी निघालेला मार्ग साधा होता, त्यात माझं डोकं फारसं नव्हतं. शेततळं. रात्री लाइट आली की बोअरची मोटर आपोआप सुरू होणार आणि पाणी तळ्यात पडणार. वॉल बदलायचा नाही, नळी बघायची नाही, माणूस लागत नाही. दिवसा तळ्यावरच्या छोट्या सोलर पंपानं ठिबक चालवायचं. बोअर थेट सोलरवर का नाही? आमचं पाणी फार खोल आहे, त्या ताकदीचा पंप आम्हाला योजनेत मिळत नव्हता. सरकारची सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणूनच. ती सगळ्यांपर्यंत पोचेल तेव्हा आमचं तळं फक्त मासे पाळायला उरेल, आणि मला आनंदच होईल.

आप्पांचा जीव अडकला होता जमिनीत. तळ्यासाठी दहा गुंठे, म्हणजे साडेतीनशेच्यावर केळी कायमची गेली. त्यात खोदाई आणि प्लास्टिकचा खर्च. त्यांनी दोन रात्री विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच पावलांनी मोजून कोपरा ठरवला.

आखाजीला मामांनी पुन्हा साल धरलं. मे महिन्यात तळं खोदलं.

आता हा दुसरा हिवाळा. सगळं गोड झालं, असं सांगणार नाही. रात्रीच्या पाण्याची ऊब बागेला आता रोज मिळत नाही. त्यासाठी उत्तरेच्या बाजूनं वाऱ्याला आडवं गवत लावलंय आणि धूर करतो. तरी काही झाडं पिवळी पडलीच. अगदी कडाक्याच्या दोन रात्री पाणी द्यावंच लागलं. तेव्हा तिघं गेलो, मी, आप्पा आणि मामा. मामा वॉलवर, मी बॅटरी धरून उभा, आणि आप्पा मोठ्यानं केळीचे भाव सांगत होते. बिबट्या दिसला नाही. भाव ऐकून पळाला असेल. तळ्याच्या काठावर मात्र सकाळी पंजे दिसतात. तारेच्या कुंपणाबाहेर मामांनी एक सिमेंटची टाकी भरून ठेवलीय. म्हणतात, "त्याला पाणी इथं मिळालं तं नळ्यापाशी कशाला येईल?" याला विज्ञानाचा आधार आहे का ते मी तपासलेलं नाही. पण नळ्या फुटणं कमी झालंय.

आणि ॲप? ॲप अजून आहे. त्यात मी एकच बदल केला. पूर्वी प्रेशर पडलं की मेसेज यायचा, 'प्रेशर कमी. तपासा.' आता मोटर आपोआप बंद होते आणि मेसेज येतो, 'प्रेशर कमी. सकाळी बघू.'

तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखे आहेत. गावी शेती आहे, आपण शहरात आहोत, फोनवर विचारतो, "पाणी झालं का?" पुढच्या वेळी एक प्रश्न जास्त विचारा : रात्री पाणी भरायला कोण जातं आणि सोबत कोण असतं? उत्तर मला व्हॉइस नोटनं पाठवा. निवडक उत्तरं पुढच्या भागात ऐकवीन.

चला, थंडी आहे, काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.